पाठीला पाठ

पाठीला पाठ लावून बसायची रीत पिंपळवंडीच्या शिवाराला बिबट्यांनी शिकवली. एकाने खुरपायचं, दुसऱ्याने उसाकडे बघत गुणगुणत राहायचं. आवाज थांबला की हातातलं टाकून पळायचं.

चिमाजी आणि प्रयागबाई बोरं वेचायलाही असेच बसत. "तुमी वेचा," ती म्हणायची. "तोंड गोड झालं की तुमाला कान राहत न्हाईत." चिमाजींना ते पटे. सारा जन्म ग्रंथालयात गेलेला. पुस्तकात शिरले की दारात कोण उभं आहे तेही कळत नसे. प्रयागबाईला गाणं एकच येई, हळदीचं. तेच ती दुपारभर गुणगुणे.

ती गेल्यानंतरचा हा दुसरा हिवाळा. बांधावरची बोर यंदा लगडली होती.

"येकलं जाऊ नका, आबा," सून मंगल म्हणाली. "जायाचंच तर गळ्यात खिळ्यांचा पट्टा घाला."

"पट्ट्यात मी कुत्रा दिसतो गं."

"दिसा की. जित्तं दिसल्याशी मतलब."

पट्टा घालून ते गेले; पण वाकलं की तो टोचे, म्हणून काढून बाजूला ठेवला. ऊन कलतं होतं. उसाची पाती सळसळत होती. एक बोर उचलायचं, मान वळवून फडाकडे बघायचं. बोराला चवच लागेना. उगाच आलो, असं त्यांना वाटू लागलं.

तेवढ्यात पाठीला ऊब लागली.

मागे कुणीतरी टेकून बसलं होतं. मग गुणगुण सुरू झाली. हळदीचंच गाणं, जरा घोगरं. शेवटच्या आजारात तिचा घसा बसलाच होता.

वळून बघावं का? भास असेल. स्वतःच्या मनावर त्यांचा कधीच भरवसा नव्हता. पण वळलो आणि आवाज थांबला तर, या भीतीने त्यांनी मान हलवली नाही. दुसरी कुठलीच भीती उरली नव्हती.

त्यांनी बोर तोंडात टाकलं. गोड होतं.

पाखरं गप्प झाली.

वस्तीवरचं कुत्रं केकाटलं.

गुणगुण चालूच होती.

पंचा भरला तेव्हा पाठ गार पडली होती.

घरी मंगलने धुवायला सदरा उचलला. "आबा, कशाला टेकला व्हता?"

"बोरीला."

"बोरीला केस असत्यात व्हय?"

तिने सदरा उजेडात धरला. पाठभर आखूड पिवळे केस चिकटले होते, मधे मधे काळे.

चिमाजींनी सदरा तिच्या हातून हळूच काढून घेतला.

"राहू दे," ते म्हणाले. "उद्या हाच घालून जायचंय."