शेवटून दुसरं पान

"आधी दोष सांगायचा, मग वस्तू दाखवायची. म्हणजे माणूस परत येतो, वस्तू परत येत नाही."

जुन्या सामानाचं दुकान चालवणाऱ्या आत्याचं हे वाक्य. आत्या जाऊन अकरा वर्षं झाली, दुकानही राहिलं नाही, पण मासिकांचा गठ्ठा सोडायला बसलं की तिच्या भाचीच्या कानात आधी आत्या बोलायची. ती आता घरातूनच लोकांची जुनी मासिकं त्यांच्या वतीने ऑनलाइन विकून द्यायची. घर सोडणारे, घर आवरणारे, वडिलांचं कपाट उघडायला न धजणारे, सगळे तिच्याकडे यायचे. ती प्रत्येक अंकाची पानं मोजायची. गंजलेली पिन, वाळवीचं भोक, कपाचा गोल डाग, जे असेल ते लिहायची आणि त्याचाच फोटो आधी लावायची. गल्लीत तिला मोजणीताई म्हणायचे ते काही उगाच नाही.

घड्याळकाकांनी आपले गठ्ठे तीन खेपांत आणले. लोकांची घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेलेला माणूस. आता हात थरथरायचे, म्हणून दुकान बंद.

"लेकीचं घर दोन खोल्यांचं," ते म्हणाले. "तिथे मी मावतो, हे मावत नाही."

एकच मासिक, शेहेचाळीस वर्षांचं. बारा-बारा अंक सुतळीने बांधलेले. पहिलाच अंक मोजताना ती थबकली. शेवटून दुसऱ्या पानावर वीतभर लांब, दोन बोटं रुंद चौकोन कापलेला होता. कड अशी सरळ, की पट्टी लावून कापल्यासारखी. दुसऱ्या अंकातही तेच. तिसऱ्यातही. आणि मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात निळ्या शाईत बारीक अक्षर: 'ह्यांना'.

"ती आमची ही," काका हसले. "मासिक आलं की म्हणायची, थांबा, आधी मी बघते. बघायची, कापायची, मग वर 'ह्यांना' लिहून माझ्या हातात द्यायची. नावाने हाक नाही मारली कधी. डब्यावर 'ह्यांना', चिठ्ठीवर 'ह्यांना'."

"कापायच्या काय?"

"ते कधी सांगितलं नाही. अनुक्रमणिकेत बघावं तर तिथेही नाही. भांडलो तर म्हणायची, जपून ठेवलंय, एक दिवस सगळं परत चिकटवून देईन." काकांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "ताई, विका सगळं. पण जायच्या आधी एक पूर्ण अंक मला वाचायला मिळाला तर बघा. शेहेचाळीस वर्षांत एक नाही मिळाला. आणि दुसऱ्याच्या घरचा नको. आमच्या घरी आलेलाच."

आता कापलेला तुकडा आणायचा कुठून? पण म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणणं तिला कधी जमलं नव्हतं. "मिळाला की मी स्वतः आणून देईन," ती म्हणाली.

अंक विकायला लावताना तिने नेहमीप्रमाणे दोष वर लिहिला आणि कापलेल्या चौकोनातून आपलं बोट बाहेर काढून फोटो घेतला.

पहिला अंक एका निवृत्त मुख्याध्यापिकेने घेतला. चार दिवसांनी त्यांचा निरोप आला. 'पान कापलेलं आहे असं लिहिलंत. कापलेलं नाही. इतका प्रामाणिकपणाही बरा नव्हे.'

तिने फोटो पुन्हा पाहिला. चौकोन होता. चौकोनातून तिचं बोट होतं, अंगठीसकट.

"दुसऱ्याच अंकाचा फोटो लागला असेल," नवरा म्हणाला.

"अहो, सगळेच कापलेले आहेत."

"मग एक चुकून राहिला असेल. काकूंनाही कधी सर्दी-खोकला झाला असेल की."

दुसऱ्या गिऱ्हाइकाचंही तेच आलं. तिसऱ्या वेळी तिने चौकोन डोळ्यांनी पाहिला, बोटाने चाचपला, पाकीट बंद केलं आणि टपाल कचेरीत स्वतः नेऊन दिलं. तिसरा माणूस जरा चिडूनच होता. 'पाठवायच्या आधी घाईने चिकटवलंत का? डिंक ओला आहे. शेजारचं पान चिकटलं. आणि लवंगेचा वास कसला?'

तिने त्या पानाचा फोटो मागवला. तुकडा इतका बेमालूम बसवला होता, की नुसती एक ओलसर रेघ दिसत होती. मजकुरावर मथळा होता: 'ओळखा लक्षणं'. त्या महिन्याचा आजार कावीळ.

ती फोन घेऊन काकांकडे गेली. खोलीत अर्धं सामान बांधून झालं होतं. भिंतीवरची घड्याळं उतरवल्यावर तिथे फिकट गोल राहिले होते.

"काका, काकू चिकटवायला काय वापरायच्या?"

"कणकेची खळ. त्यात लवंगेची पूड, कीड लागू नये म्हणून. का हो?"

तिने फोटो दाखवला. काकांनी चष्मा कपाळावर नेला, फोन नाकाशी धरला, आणि बराच वेळ त्यांचे खांदे हलत राहिले. ती घाबरली. मग कळलं, ते हसतायत.

"कावीळ! अहो, मला वाचलं की व्हायचं. लग्नाच्या पहिल्या वर्षी क्षयाबद्दल वाचलं, तर महिनाभर खोकलो. मूतखडा वाचला, तर वाकून चालायला लागलो." त्यांनी डोळे पुसले. "म्हणजे पाचशेवर आजारांतून काढलं हो मला. आणि मी भांडत होतो."

घरात एवढा आनंद पाहून तिला पुढचं विचारवेना. काकाच बोलले.

"म्हणूनच बघा, ती गेल्यावरही कापलेलेच येत राहिले."

"काकूंना जाऊन किती वर्षं झाली?"

"सहा. टपालाने येतं, मी टेबलावर ठेवतो, दुपारी डुलकी काढतो. उठून बघतो तर कापलेलं. वर 'ह्यांना' तेवढं नसतं." त्यांनी कापरे हात पुढे केले. "या हातांनी मी कात्री धरू शकतो का, सांगा."

"कुणाला विचारलं नाहीत?"

"विचारलं की बंद होईल असं वाटलं."

घरी येऊन तिने शेवटचे सहा गठ्ठे सोडले. कोपऱ्यात 'ह्यांना' नव्हतं. चौकोन मात्र होते, तसेच, पट्टी लावल्यासारखे.

ती मोजणारी बाई होती. तिने त्यातले दोन अंक काढले, एकाच दुपारी, एकाच टेबलावर दोन पाकिटं केली. एक गिऱ्हाइकाला, एक टपालाने काकांना. गिऱ्हाइकाला अंक पूर्ण मिळाला. काकांचा फोन आला. "ताई, गंमत केलीत का? हाही कापलेलाच."

तेव्हा तिला समजलं. परक्या घरी जाताना काकू वस्तू नीट करून पाठवत होत्या. ज्यांना जपायचं, त्यांना मात्र कापूनच देत होत्या.

तिला बरं वाटलं. कुणीतरी कुणाला इतकं जपावं. दिलेला शब्द आता पाळता येणार नाही, पण काकांना खरं कारण सांगता येईल, ते समजून घेतील.

एक अंक तिने विकायला लावलाच नव्हता. याच महिन्याचा, काकांच्या घरचा शेवटचा. चौकोन कापलेलाच होता. आठवण म्हणून काकांना परत देऊ, असं ठरवून तिने तो कपाटात वेगळा ठेवला होता. लेक उद्या काकांना न्यायला येणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला तिने कपाट उघडलं. लवंगेचा वास आला.

तिने पानं मोजली. चौसष्ट. शेवटून दुसरं पान उलटायच्या आधीच बोटाला ओल लागली.

अंक पूर्ण होता.

मजकूर तिने वाचला नाही. ती खाली बसली.

शेहेचाळीस वर्षं जे ह्यांच्यापासून दूर ठेवलं, ते आज हातात द्यायला काकू तयार होत्या. म्हणजे आता ह्यांना कशाचीच भीती उरली नव्हती. कुठला आजार आता होणार नव्हता. लेकीच्या आधी काकूच न्यायला आल्या होत्या.

टेबलावर कात्री होती. पट्टीही होती. चौकोन कापायला किती वेळ लागतो? कापावा, आणि सांगावं, नाही मिळाला. तिने कात्री उचललीही.

फोन वाजला. काका होते.

"ताई, सकाळपासून घरात लवंगेचा वास येतोय," ते म्हणाले. आवाज एखाद्या नवऱ्या मुलासारखा. "काही मिळालं का?"

तिने कात्री खाली ठेवली.

"मिळालं, काका. येते घेऊन."

"या, या. घाई नाही."

अंक बंद करून तिने पाकिटात सरकवायला घेतला. सवयीने एकदा दोष पाहिला. पिन चांगली. कडा चांगल्या. मुखपृष्ठाचा कोपरा, जो मघाशी कोरा होता, तिथे निळ्या शाईत बारीक अक्षर होतं: 'ह्यांना'.

शाई तिच्या अंगठ्याला लागली.

तिने अंगठा पुसला नाही. चपला घातल्या, दार हळूच ओढून घेतलं आणि निघाली.