काळी पट्टी

कायद्याला वामनराव टिपणिसांचे तीन होकार हवे होते. दोन मिळाले होते. आज तिसरा मिळाला की श्वासयंत्र बंद होणार होतं.

ज्यांची पापणीही हलत नाही अशा रुग्णांना आता मत देता येई. त्यासाठीच्या खोलीला होकारकक्ष म्हणत. तिथे रुग्णाच्या कपाळावर प्रकाशाचा बारीक झोत सोडत. झोताच्या वाटेत खाचा पाडलेली चकती, म्हणजे छेदचक्र, फिरे आणि त्याचे सेकंदाला सदतीस तुकडे करी. यंत्र तेवढाच ठोका ओळखे; खिडकीतला, दिव्याचा उजेड सोडून देई. बाजाराच्या गलक्यातही आपल्या माणसाची हाक कळते, तसंच हे. 'हो' म्हणायचं तर रुग्णाने मनात पाढे म्हणायचे. मेंदूत रक्त धावे, परतणारा प्रकाश बदले आणि काटा वर चढे. 'नाही' असेल तर मन शांत ठेवायचं.

"दोन वर्षं दर गुरुवारी ह्यांच्याशी बोलते, पण ह्यांनी एकदाही नकार दिला नाही बघ," वामनरावांच्या पत्नी शकूकाकू तंत्रज्ञ हेमांगीला म्हणाल्या. "धडधाकट होते तेव्हा चहालासुद्धा आधी नकोच म्हणायचे."

हेमांगीची नजर टेबलाच्या बंद खणाकडे गेली.

प्रत्येक प्रश्नाआधी झोतासमोर काळी पट्टी धरायची आणि काटा हलत नाही ना हे पाहायचं, असा नियम होता. दोन वर्षांपूर्वी काकूच म्हणाल्या होत्या, "तेवढा वेळ तरी ह्यांना अंधारात कशाला ठेवतेस?" हेमांगीला गलबलून आलं होतं. तिने पट्टी ठेवून दिली, आणि मग इतर रुग्णांसाठीही ती धरायची राहून गेली.

आज तिने खणातून पट्टी काढली, धूळ पुसली, झोतासमोर धरली आणि कळ दाबली. चक्र फिरू लागलं. कपाळावर उजेडाचा कण नव्हता. काटा मात्र सावकाश वर चढला.

तिने यंत्रामागे वाकून पाहिलं. चक्राच्या मोटरची सोललेली वायर यंत्राच्या वायरला टेकली होती. मोटरचाच ठोका थेट यंत्रात जात होता.

"काकू, आजवर बोललं ते हे यंत्र. काका नाही."

काकूंनी काकांच्या हातावर हात ठेवला. "मग दर गुरुवारी मी कोणाशी बोलत होते?"

हेमांगीने वायरी वेगळ्या केल्या आणि पुन्हा पट्टी धरून पाहिलं. काटा हलला नाही. तिने पट्टी काढली.

"आता विचारा."

"अहो, थांबायचं का आता?"

काटा जागचा हलला नाही.

"काकू, कदाचित त्यांना ऐकूही येत नसेल," हेमांगी हळूच म्हणाली.

काकूंनी तिच्याकडे लक्षच दिलं नाही. त्या खाटेवर वाकल्या. "मग राहायचंय?"

काटा थरथरला आणि वर चढला.

"हेच ते," काकूंना हसू आणि रडू एकदमच आलं. "माझं पहिलं म्हणणं कधी मानायचेच नाहीत." त्यांनी हेमांगीचे दोन्ही हात धरले. "तुझे उपकार फिटायचे नाहीत गं."

हेमांगीलाही मनापासून आनंद झाला. मग तिची नजर चक्राकडे गेली. दोन वर्षांत याच चक्रावर एकोणीस जणांनी तीन-तीन होकार दिले होते. त्या एकोणिसांच्या माणसांनीही असेच हात धरून तिचे उपकार मानले होते.