मुकादमाचा उचललेला पाय

श्रावणातल्या एका सकाळी पेठ वडगावच्या वरच्या माळावर, कमरेएवढ्या ओल्या गवतात एक कुत्रं पुतळ्यासारखं उभं होतं. पुढचा पाय उचललेला, शेपूट ताठ, पापणीसुद्धा हलत नव्हती. संयोगिताच्या काळजात धस्स झालं. याला नक्की पान लागलं!

"अहो, कुणाचं आहे हे कुत्रं? लवकर या—"

तिच्या हाकेसरशी गवतातून फर्रकन तित्तिरांची जोडी उडाली आणि मागच्या झुडपाआडून एक वैतागलेला तरुण उठला.

"उडिवली की वो मॅडम! सकाळधरनं पयल्यांदा थांबलं हुतं बेणं…"

"मला वाटलं, साप चावला त्याला."

"आणि मला वाटलं, तुमालाच चावला. केवढ्यानं वरडला!"

ती आधी ओशाळली, मग खळखळून हसली. तोही हसला, पण खाली बघून.

तो आदर्श. घरचा म्हशींचा गोठा होता. आजोबा एकेकाळचे शिकारी. शिकारीवर बंदी आली, बंदूक गेली, पण घरातली शिकारी कुत्र्यांची हौस काही गेली नाही. आणि संयोगिता कोल्हापूरच्या शाहूपुरीची, पक्ष्यांची अभ्यासक. गवतकापणीआधी माळावरची घरटी हुडकून त्यांच्याभोवती खुणा करायचं काम तिनं अंगावर घेतलं होतं. तेवढं गवत राखायला गावकरी तयार होते. पण दाट गवतात घरटं माणसाला दिसत नाही, ते कुत्र्याच्या नाकालाच कळतं. म्हणून तिनं आदर्शकडे कुत्रं मागितलं.

"दोन हायत," तो म्हणाला. "ह्यो मुकादम, पॉइंटर. पाखराचा वास आला की थांबतोय. पुढं जाऊन उडवायचं ते धन्यानं. आणि घरी हौशी हाय, स्पॅनियल. ती थांबत न्हाय, घुसून उडिवती."

"मग हौशीच द्या. पाखरू दिसायला तर पाहिजे!"

"बघा बाई…"

हौशी म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! भुर्रकन लावे उडत होते, संयोगिता टाळ्या पिटत होती. तेवढ्यात एक लावरी थेट अंड्यांवरून उडाली, ती परत येईचना. दोघं लांब झुडपाआड हौशीला कवटाळून बसले. उन्हं वर आली. संयोगिताच्या डोळ्यांत पाणी तरळलं. आदर्शनं थर्मासमधला चहा ओतून तिच्यापुढे धरला. लावरी परतली तेव्हा तो चहा पार गार झाला होता.

दुसऱ्या दिवसापासून मुकादम येऊ लागला. तो थांबला की मोठ्यानं बोलायचं नाही, हा आदर्शचा नियम. मग कुजबुजायचं, आणि कुजबुजायचं म्हणजे जवळ यायचं! त्याच्या सदऱ्याला वैरणीचा वास यायचा. संयोगिताला तो आवडू लागला होता. तो वास आणि तो माणूस, दोन्ही. पण हा बाबा नुसता बघायचा, तिनं मान वळवली की दुसरीकडे बघायचा…

कापणीच्या आदल्या सकाळी मुकादम एका तित्तिराच्या घरट्यापुढे थांबला. लांबूनच खूण बांधता बांधता तिनं हळूच सांगितलं, "रविवारी पुण्याहून पाहुणे येणार आहेत. मला बघायला. बाबांना स्थळ आवडलंय. रविवारीच सुपारी फोडायची म्हणतात."

आदर्श जागच्या जागी थिजला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"चांगलं हाय की," तो म्हणाला.

तिच्या डोक्यात सणक गेली. "जातो मी!" संतापली की तिच्या तोंडी अस्सल कोल्हापुरी यायचं, बाईनंही 'जातो' म्हणायचं. ती ताडताड उतार उतरली. रडू आवरेना.

अर्ध्या वाटेवर तिनं मागं वळून बघितलं. मुकादम तसाच उभा होता, पाय उचलून. आणि त्याच्या मागं आदर्शही तसाच, तिच्याकडे टक लावून… हलला नव्हता तसूभरही!

राग कुठल्या कुठे गेला. ती परत चढून वर आली.

"आदर्श, मुकादम थांबल्यावर धनी पुढं गेलाच नाही तर?"

"थांबतंय. जीव गेला तरी हलत न्हाय."

"पाय भरून येत नाही त्याचा?"

आदर्शनं मुकादमाकडं बघितलं.

"येतोय की… श्रावणापासनं भरून आलाय."

संयोगितानं आणखी एक पाऊल पुढं टाकलं. आता दोघांत गवताची काडीसुद्धा नव्हती.

"मग मी घरी काय सांगू?"

आदर्शनं पहिल्यांदा तिच्या डोळ्यांतून नजर काढली नाही. "सांगा, उद्याच आमच्या घरची माणसं येत्यात. पुण्याच्या पावण्यांच्या आदी."

"मला बघायला?"

"न्हाय," तो म्हणाला, आणि स्वतःचाच नियम मोडून चांगलं मोठ्यानं म्हणाला, "बघून झालंय. मागायला!"