एक पेला पाण्याचं वजन

खळ्ळकन आवाज झाला, आणि नलूच्या मांडीवरचा काचेचा चंबू एसटीच्या फळीवर पडून चक्काचूर!

हिंगणघाटला चढलेला तो उंच, सावळा मुलगा खांद्यावरचं रुईचं पोतं तसंच धरून उभा राहिला. धक्का त्या पोत्याचाच लागला होता.

"अहो, हे काय केलंत! उद्या याच्यात पाणी उकळायचं होतं मला!"

"चहा मांडून राह्यल्या होत्या काय?"

"चहा नाही, पाठ! साहेब येणार आहेत तपासणीला. द्रव्य आणि ऊर्जा... पाचवीच्या पोरांना वाफ दाखवणार होते. आता काय दाखवू, तुमचं पोतं?"

बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. डी.एड. होऊन समुद्रपूरच्या शाळेत लागली होती खरी, पण तात्पुरती. नालवाडीहून निघताना बाबांनी, रूपरावांनी, सांगूनच ठेवलं होतं, "साहेबानं पक्कं केलं तर ठीक, नाईतर सामान घेऊन घरी येजो. पाहुणे पाहूनच राह्यलो."

मुलाने खाली बसून एकेक काच रुमालात वेचली. मग हळूच वर बघितलं...

"पोतंच दाखवा ना. मी घेऊन येतो. मी वासुदेव. कापसाच्या जिनात रुईच्या गाठी बांधतो. आईच्या गादीसाठी रुई नेऊन राह्यलो, एक दिवस थांबंल गादी."

ती नको म्हणणार होती. पण त्याच्या पापणीवर कापसाचा एक बारीक तंतू अडकला होता, आणि त्याकडे बघता बघता नको म्हणायचं राहूनच गेलं!

दुसऱ्या दिवशी शाळेच्या कडुनिंबाला मोठा तराजू टांगलेला. एका पारड्यात फुगलेलं पोतं, दुसऱ्यात वजनं. काटा बरोबर मध्यात. पोरं गोल करून बसलेली, साहेब खुर्चीवर, आणि नलूच्या हातातला खडू घामाने ओला.

"जे जागा व्यापतं आणि ज्याला वजन असतं ते द्रव्य. आता वासुदेवभाऊ पायांनी रुई खुंदतील. जागा कमी होईल. वजनाचं काय होईल?"

"वाढंल!"

"कमी होईन, बाई!"

"तेवढंच राहील. बघा हं!" नलू म्हणाली.

पोतं खाली उतरवलं. वासुदेव आत उतरून असा नाचला की पोरं हसून हसून लोळली. पोतं कमरेवरून गुडघ्याशी आलं. पुन्हा पारड्यात ठेवलं, आणि...

पोत्याचं पारडं खाली गेलं.

"वाढलं! वाढलं!" पोरांचा एकच गिल्ला. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. नलूला वाटलं, झालं. नालवाडी. पाहुणे. पोहे.

तेवढ्यात तिचं लक्ष माठाशेजारी गेलं. दोन सारख्या पेल्यांपैकी एक काठोकाठ भरलेला, आणि दुसरा, मघाशी तिनेच तसाच भरून ठेवलेला... रिकामा!

"वासुदेवभाऊ, तुम्ही रुईवर पाणी मारलं?"

"मंग? जिनात दाबायच्या आंधी मारतोच आमी. त्याच्याबिगर रुई बसते काय?" तो सहज बोलला, आणि मग त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "माय वं... चुकलं काय, बाई?"

नलूला हसूच फुटलं. भीती कुठल्या कुठे! तिने रिकामा पेला पोत्याच्या पारड्यात ठेवला, भरलेला वजनांच्या. काटा डुलला, थबकला, आणि मध्यात येऊन उभा राहिला.

"पाणीही द्रव्यच! वजन आपोआप वाढत नाही रे. वाढलं तर समजायचं, गुपचूप कोणीतरी काहीतरी घातलं."

साहेब मोठ्याने हसले. पण तानबा, पहिल्या रांगेतला, हात वर करून उभाच. "बाई, अन् हे इतके नाचले, ते कुठी गेलं?"

"ती ऊर्जा. जागा घेत नाही, तराजूत सापडत नाही. तिच्यानं काम होतं, त्यावरून ओळखायची."

जाताना साहेब मोठ्या गुरुजींना म्हणाले, "पाचवी यांच्याकडेच ठेवा. कायमची."

शाळा सुटली. वासुदेव पोत्याचं तोंड बांधत होता... बराच वेळ बांधत होता.

"बाई, एक सवाल हाये."

"विचारा की. आज सगळ्यांना विचारायची मुभा आहे."

"कालपासून छातीत काहीतरी हाये. हातात येत नाई. पण सकाळीच उठवते, तराजू आणायले लावते, पोरांपुढं नाचवते. हे द्रव्य समजावं का ऊर्जा?"

"जागा घेतं?"

"पुरी! झोपेलेही उरली नाई."

"मग द्रव्य म्हणावं..."

"पण वजन कुठं करावं त्याचं?"

नलूने हात पुढे केला, त्याच्या केसातला रुईचा पुंजका अलगद काढला, आणि शाळेत कधी न बोललेली घरची बोली तिच्या ओठावर आली.

"वजन मले माहीत हाये. कालपासून मीही तेच उचलून राह्यली."

ती दोन पावलं गेली, आणि वळली.

"रविवारी नालवाडीले येजा. बाबा घरीच असतेत. जे हाये ते सांगजा त्याईले... पण पाणी न मारता!"