रानकुत्र्यांच्या मुलखातला हॅमिश

माझी गाडी कोरड्या नदीच्या वाळूत रुतली नसती, तर हॅमिशची नि माझी गाठ पडलीच नसती.

मागचं चाक निम्मं आत गेलं होतं. मी फावड्याने वाळू उपसत होते, घामाने केस कपाळाला चिकटले होते... आणि मागून आवाज आला, "नदीचा तळ गाठायचाय का?"

वळून पाहिलं. उन्हाने रापलेला चेहरा, टोपीच्या सावलीत हसणारे डोळे.

"मदत करणार आहात, की नुसतं बघणार?"

"आधी जरा बघतो," तो म्हणाला. "मग मदत."

मला हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही. त्याने आपल्या पिकअपला दोर बांधला, माझी गाडी ओढून काढली. आभार मानायला मी त्याच्या गाडीशी गेले, आणि तेवढ्यात वाऱ्याने मागची ताडपत्री उडाली.

तांबूस अंगं. पांढऱ्या टोकांच्या शेपट्या. डिंगो... आमच्या रानातली कुत्री. मेलेली.

"तू मारलीस?" अहो-जाहो तिथंच संपलं.

"आमची कोकरं फाडतात ती. वडिलांचा निम्मा कळप गेलाय."

"माझ्या आईच्या घराण्यात आम्ही त्यांना भाऊ म्हणतो."

त्याने ताडपत्री नीट ओढून घेतली. टोपी काढली. "मग तुझी माफी मागायला हवी. पण उद्या पुन्हा सापळे लावणार मी... तुझ्याशी खोटं कशाला बोलू?"

मी तणतणत घरी आले. राग खरा होता. पण त्याने ज्या रीतीने टोपी काढली, ते काही केल्या डोळ्यांपुढून जाईना.

हमरस्त्यावर डोरीन मावशीचा पेट्रोलपंप आणि खाणावळ आहे. मी तिथंच काम करते. हॅमिशच्या वडिलांचं, कॉलिनचं मेंढ्यांचं कुरण आमच्यापासून गाडीने दोन तासांवर. तरी त्याला दर दोन दिवसांनी पेट्रोल कमी पडायला लागलं.

"त्या गोऱ्या पोराच्या टाकीला भोक आहे की डोक्याला?" मावशी विचारायची.

"मला काय माहीत!"

"तुला माहीत नाही, मग चिप्स का जाळल्यास आज?"

एका संध्याकाळी तो मला पाणवठ्यावर घेऊन गेला. आम्ही पिकअपच्या मागच्या फळीवर बसलो. समोरच्या झुडपांतून एक कुत्री पिल्लांना घेऊन पाण्यावर आली. बंदूक गाडीत होती. मी श्वास रोखून हॅमिशकडे पाहिलं. त्याचा हात हलला, आणि तो माझ्या हातावर येऊन थांबला. खरखरीत, ऊबदार. पिल्लं पाणी पिऊन, एकमेकांचे कान ओढत निघून गेली.

"बोलत का नाहीस, टॅमिका?"

"तू काही विचारलंच नाहीस."

"आणि विचारलं तर?"

"तर... मावशीला विचारावं लागेल."

तो इतक्या मोठ्याने हसला, की पाण्यावरचे पोपट उडाले.

मग गावात एक पाहुणा आला. शहरातला, कोऱ्या करकरीत बुटांचा. त्याच्या कंपनीला इथं कारखाना काढायचा होता. रानकुत्र्यांचं मांस गोठवून समुद्रापार विकायचं. मेंढपाळांनी कुत्री आणायची, मोबदला घ्यायचा. कॉलिनच्या विझलेल्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला.

मी आणि क्लाइव्ह मामा घरोघर जाऊन लोकांशी बोलू लागलो. मामा आमच्या आदिवासी वस्तीतले जाणते, कुत्र्यांच्या जुन्या वाटांच्या गोष्टी त्यांच्याकडे. काही दारं उघडली, काही तोंडावर लागली.

"कुरण वाचेल आमचं," हॅमिश पंपावर येऊन म्हणाला. "कुत्री तशीही मरतातच ना?"

"आज तुम्ही मेंढ्या वाचवायला मारता. उद्या मांसासाठी माराल. इथली संपली, की जिथं एकही मेंढी नाही तिथं, आत वाळवंटात जाल. मग थांबणार कुठं, सांग?"

त्याने टोपी डोक्यावर ओढली. तो गेला. नंतर कितीतरी दिवस त्याची गाडी पंपावर आली नाही. मावशीने एकदाही चिडवलं नाही, त्याचंच जास्त लागलं.

गावाच्या सभागृहात सभा भरली. मामा बोलले. पाहुण्याने आदराने मान हलवली आणि म्हणाला, "तुमच्या भावना समजतात. पण माल उत्तम आहे. मोकळ्या रानातलं, अगदी शुद्ध मांस."

तेव्हा कॉलिनच्या शेजारून हॅमिश उठला.

"शुद्ध नाही."

सगळ्या माना वळल्या.

"आम्ही रानात विषाची आमिषं टाकतो. बाबांनी टाकलीत, मीही टाकलीत. कुठल्या कुत्र्याने काय खाल्लंय, कुणालाच ठाऊक नाही. हे मांस मी माझ्या ताटात वाढून घेणार नाही. मग दुसऱ्या देशातल्या कुणाच्या पोराला कसं वाढू?"

"बस खाली," कॉलिन हळूच म्हणाला.

"नाही, बाबा."

कॉलिन उठला आणि खुर्च्यांमधून वाट काढत बाहेर गेला. त्याच्या पाठीकडे बघताना मला पहिल्यांदाच त्याची दया आली.

पुढे इतर मेंढपाळांनीही तेच सांगितलं. पाहुणा पुन्हा आला नाही. आमच्या वस्तीवर शेकोटी पेटली, मामा पोरांबरोबर नाचले. आणि त्या हिवाळ्यात कॉलिनने उरलेल्या मेंढ्या विकल्या, मग कुरणही. दक्षिणेला, किनाऱ्यावर त्याची बहीण होती. तिच्याकडे राहायला जायचं ठरलं.

निघताना ते आमच्या पंपावर थांबले. कॉलिन समोर बघत गाडीतच बसला होता. सभेनंतर तो माझ्याशी बोलला नव्हता.

"राहा ना," मी म्हटलं. "मावशीला विचारलंय मी... ती हो म्हणाली."

हॅमिशने मान खाली घातली. "तुझ्यासाठी बोललो असतो ना टॅमिका, तर आज राहिलो असतो. पण ते खरं होतं म्हणून बोललो. आणि त्यात बाबांचं सगळं गेलं. आता त्यांना एकटं कसं धाडू?" त्याने मान वर केली. "तू... तू चल."

"मामा थकलेत. त्यांच्या गोष्टी शिकणारी मी एकटीच उरलेय."

"माहीत होतं. तरी विचारलं."

"माझं तुझ्यावर प्रेम आहे," मी म्हणाले. इतके दिवस चेष्टेआड लपवलेलं, असं भर दुपारी, पेट्रोलच्या वासात. "उशीर झाला ना सांगायला?"

"नाही." त्याने माझा हात धरला. "माझंही..."

तेवढ्यात गाडीचं दार वाजलं. कॉलिन उतरला. मला वाटलं, आता हाक मारणार. त्याने बॉनेटवर हात ठेवला.

"इंजिन तापलंय," तो म्हणाला. "निवायला वेळ लागेल."

दोन तासांच्या थंडगार रस्त्याने तापेल असं काही ते इंजिन नव्हतं. पण कॉलिन आमच्याकडे पाठ करून, पंपापलीकडच्या झाडाखाली जाऊन बसला.

मी हॅमिशच्या छातीवर डोकं टेकलं. समोरून एक मोठा ट्रक गेला, लाल धूळ उडाली आणि हळूहळू खाली बसली. तरीही कॉलिन उठला नाही. कितीतरी वेळ उठला नाही.