ज्याचा बिल्ला त्याच्या हाताने

कल्पना कर, तुझ्या डोक्यावरचा एक केस घेतला आणि त्याचे उभे हजार पापुद्रे काढले. त्यातल्या एका पापुद्र्याएवढा पातळ पडदा. जवळ शिंकलीस तरी फाटेल. असे पडदे चौकटीवर बसवणं हे माझं चाळीस वर्षांचं काम.

आता त्या पडद्यावर लेझरचा एक ठोका सोड. पापणी लवायला लागतो त्याच्या अब्जाव्या भागाहूनही कमी वेळ तो टिकतो. पण तेवढ्यात पडद्यातल्या अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि प्लाझ्माचा दाट थर बनतो. तो थर म्हणजे आरसाच. प्रकाश त्यावर आपटून परत येतो.

हे मी भिंगरीला, म्हणजे माझ्या आठ वर्षांच्या नातीला सांगत होतो. शाळेला सुट्टी होती आणि तिची आई, माझी लेक, मी हे काम करतो त्या प्रयोगशाळेची प्रमुख. म्हणून सकाळी मी तिला लेझरची खोली दाखवायला नेलं.

"आणि ठोका फारच जोरात बसला तर?" तिने विचारलं.

"तर इलेक्ट्रॉन इतके वेगाने धावतात की जड होतात. त्यांना प्रकाश अडवता येत नाही. तो आरपार निघून जातो."

"आरपार म्हणजे कुठे?"

"मागे पोलादाची भिंत आहे, तिच्यावर. आणखी कुठे जाणार?"

"तुम्ही बघितलंय का?"

मी हसलो. बघितलेलं नव्हतं.

त्या खोलीचा एक नियम होता. आत जाताना गळ्यातला पितळी बिल्ला दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवायचा. बाहेर आल्यावर ज्याचा बिल्ला त्याने स्वतःच्या हाताने काढायचा, दुसऱ्याने नाही. खिळ्यावर बिल्ला आहे तोवर माणूस आत आहे, असं धरायचं. भिंगरीला नऊ नंबरचा बिल्ला मिळाला होता. तिने स्टुलावर चढून तो अडकवला. पण आम्ही बाहेर आलो तेव्हा स्टूल कुणीतरी नेलं होतं. तिचा हात पुरेना, म्हणून मीच तो काढला आणि तिच्या गळ्यात घातला.

दुपारी आम्ही चौघे शेजारच्या खोलीत बसलो. खिळे मोकळे. दार बंद. लेझर सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाने आकडे मोजले. ठोका पडला.

पडद्यासमोरच्या कॅमेऱ्याने दरवेळी टिपायचा तसा पांढरा ठिपका टिपायला हवा होता. पण चित्रात त्याऐवजी लेझरची खोली होती. भिंतीवरची 'चष्मा घाला' ही पाटी होती. आणि पाटीखाली भिंगरी उभी होती. इकडे ती माझ्या शेजारीच बसली होती.

लेक धावत आत गेली. खोली रिकामी होती.

"सकाळचा फोटो अडकला असेल," तंत्रज्ञ म्हणाला. "कॅमेराही माझ्यासारखाच, जेवण झालं की पेंगतो."

पण सकाळी कॅमेरा बंद होता. आणि मी पाटीकडे बघत होतो. अक्षरं सरळ वाचता येत होती. आरशातली अक्षरं उलटी दिसतात, हे भिंगरीला मीच शिकवलं होतं. म्हणजे हे पडद्यावरून परत आलेलं नव्हतं. पलीकडून आलेलं होतं.

"आजोबा, माझे डोळे झोंबताहेत," भिंगरी म्हणाली.

"बाबा, तिला घट्ट धरा," लेक म्हणाली. "मला खात्री करायचीय. एकदाच."

मी भिंगरीचा हात धरला. पुन्हा खोली तपासली, दार लावलं, आकडे मोजले.

ठोका.

या वेळी चित्रात ती अगदी जवळ आली होती. एक तळहात कॅमेऱ्याच्या काचेवर टेकलेला. तोंड उघडं, हाक मारताना असतं तसं. गळ्यात बिल्ला नव्हता.

माझ्या मुठीतला हात झटकन मागे ओढला गेला. भिंगरीने तळवा उघडून दाखवला. तव्याला लागावा तसा तो लाल झाला होता.

लेकीने मुख्य बटण बंद केलं. तंत्रज्ञ खुर्चीतून उठला आणि पुन्हा बसला. लेकीने मुलीच्या तळव्यावर फुंकर घातली, पण नजर चित्रावरच. दोन्हीकडे तिचीच मुलगी होती.

"आजोबा," भिंगरी हळूच म्हणाली, "सकाळी मी बिल्ला काढलाच नाही. तुम्ही काढलात."

मी दाराबाहेरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघितलं.

"ती अजून आतच आहे," ती म्हणाली. "तिला बाहेर येता येत नाहीये."

आमच्यापैकी कुणी हलायच्या आत तिने खुर्ची दारापाशी ओढली. वर चढून नऊ नंबरचा बिल्ला खिळ्याला अडकवला. खाली उतरून दार पूर्ण उघडलं.

खोलीत पंखे थांबलेले. पिवळा दिवा तेवढा चालू.

ती उंबऱ्याशी थांबली. मग जरा बाजूला सरकली, कुणाला वाट द्यावी तशी.

पुन्हा खुर्चीवर चढून तिने स्वतःच्या हाताने बिल्ला काढला. पण गळ्यात घातला नाही. खाली उतरली, दोरीचा फास दोन्ही हातांनी रुंद केला, समोर आपल्याच उंचीवर धरला आणि सोडून दिला.

पितळ फरशीवर पडल्याचा आवाज आला नाही.