कारवीतला हाका

हसा, हसा. मुसलमान माणूस आणि रानडुकराची शिकार म्हटल्यावर जव्हारच्या बाजारात सगळेच हसायचे. माझं कुलपं-स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान, आणि अब्बांकडून आलेली शेतीरक्षणाच्या परवान्याची बंदूक. पाड्यांवरचे लोक मुद्दाम मलाच बोलवायचे. अनीसभाय डुक्कर मारतो आणि मटणाचा वाटा मागत नाही, असा शिकारी त्यांना दुसरा कुठे मिळणार!

अठ्ठ्याण्णव साल असेल. दाभोशाच्या धोंडीचं बोलावणं आलं. एका एकांड्या डुकरानं त्याची नागली नांगर फिरवल्यासारखी उलथून टाकली होती. पण धोंडीला नागलीचं फारसं दुःख नव्हतं. आदल्या वर्षी त्याच डुकरानं त्याचा तरणा मुलगा, तुका, फाडला होता. धोंडीला ते जनावर मेलेलं बघायचं होतं.

हाक्याची, म्हणजे ओरडून जनावर रानाबाहेर काढण्याची, एक रीत असते. रान उठवत येणारा प्रत्येक जण सतत ओरडत राहतो, आणि माणसाचा आवाज आला त्या बाजूला बंदूकवाला गोळी झाडत नाही. ही रीत मोडली की माणूसच मरायचा.

दुपार कलली होती. मी बांधावर, धोंडी कोयता घेऊन शेजारी. समोर डोक्याच्या वर गेलेली दाट कारवी. हाकेवाले अजून खाली ओढ्यात होते, त्यांचा गलका बारीक ऐकू येत होता. एकाएकी वारा पडला. चिखलाचा उग्र वास आला, आणि मग सुळे घासल्याचा आवाज... कर्र, कर्र. कारवी हलली. मी बंदूक रोखली.

"मारू नको... मी हाय... मी हाय..."

मी चापावरचं बोट काढलं. आत माणूस कुठून आला? मी धोंडीकडे पाहिलं. शप्पथ सांगतो, त्याचा चेहरा उजळला होता.

"तुक्या?" तो म्हणाला. कोयता तिथंच टाकून तो कारवीत शिरला.

मी घसा फुटेस्तोवर ओरडलो. पण गोळी झाडू कशी? आत धोंडी होता. एक धडक ऐकू आली, मग काहीच नाही. हाकेवाल्यांनी आणि मी त्याला बाहेर काढून जीपमध्ये घातलं, तेव्हाच तो गार पडला होता.

त्याचं दिवसकार्य झालं आणि मी एकटाच परत गेलो. डुकराचा असा संताप आला होता, की त्याला मारल्याशिवाय अन्न गोड लागेना. बांधावर धोंडीची बायको पोशी बसली होती. कारवीच्या बाजूचं कुंपण तिनं स्वतःच काढून टाकलं होतं.

"पोशीबाय, हे काय?"

"खाऊ दे त्याला."

"अगं, तुझ्या घरची दोन माणसं खाल्ली त्यानं!"

"म्हनून तं."

तेवढ्यात तोच वास आला. कारवी हलली. मी बंदूक उचलली आणि आतून त्या दिवशीचाच तुकाचा आवाज आला. पाठोपाठ धोंडीचा, ओळखीचा घोगरा.

"अनीसभाय... मारू नको... मी हाय..."

पण आत माणूस नाही, हे आता मला ठाऊक होतं. या वेळी मी फसणार नव्हतो. मी चापावर बोट ठेवलं आणि पोशीनं झडप घालून नळीच धरली.

"त्याला मारलास, तं ते दोघं जातील कुठं?"

मी तोंडाला येईल ते बोललो. घरी चल म्हटलं, भावाकडे सोडतो म्हटलं. ती हलेना. तिची बोटं नळीवर घट्ट आवळलेली होती.

मग कारवीतून तिसरा आवाज आला. बाईचा.

"मी हाय... मी हाय..."

तो पोशीचा आवाज होता. आणि पोशी माझ्यासमोर उभी होती, ओठ मिटून.

तिनं तो शेवटपर्यंत ऐकला. मग माझ्याकडे बघून हसली.

"माझी बी जागा झाली त्यांच्यात," ती म्हणाली, आणि नळी सोडून कारवीकडे वळली.